सातारा-सांगलीतल्या सामाजिक उद्योगांना अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या बचत गटांना, शेतकरी कंपन्यांना आणि छोट्या संस्थांना प्रस्ताव लिहायला मी मदत करते. फोनवर, बैठकीत, कधी एसटीत शेजारी बसून लोक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहिलं आहे. योजनांचे आकडे आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचा शासन निर्णय किंवा परिपत्रक एकदा वाचाच.

आम्ही सामाजिक उद्योग आहोत की नाही, हे कसं ठरवायचं?

काहीतरी विकून पैसा मिळवता आणि तो मिळवण्यामागे गरिबाची एखादी अडचण सोडवण्याचा हेतू आहे, तर तुम्ही सामाजिक उद्योग. त्यासाठी वेगळा नोंदणी दाखला लागत नाही. मी स्वतः दोनच गोष्टी विचारते. दराचा निर्णय कोण घेतं? आणि नफा झाला तर तो कुठं जातो? तासगावात रोजावर बायका लावून बेदाणा निवडून घेणारा व्यापारी प्रामाणिकपणे धंदा करतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याच बायकांची स्वतःची कंपनी असेल, निवडीचा दर त्यांच्या बैठकीत ठरत असेल आणि वर्षाअखेरचा नफा त्यांच्या खात्यावर जात असेल, तर देणगीदारासमोर तुम्हाला बोलायला जागा आहे.

अनुदान, सबसिडी, देणगी, कर्ज: यात फरक काय?

देणगी आणि अनुदान परत करायचं नसतं. मात्र अनुदान ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत आणि करारानुसार खर्च करावं लागतं. कर्ज व्याजासह फेडायचं. भागभांडवल देणारा तुमच्या उद्योगात हिस्सेदार होतो.

सगळ्यात जास्त गैरसमज सबसिडीबद्दल असतात. ‘दहा लाख मिळतात’ असं ऐकून लोक येतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, म्हणजे पीएमएफएमई, वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपये देते. पण ती कर्जाशी जोडलेली आहे: आधी बँकेनं कर्ज मंजूर करायचं, मग सबसिडी. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही तसंच. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के मिळतात. तो पैसा बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतो आणि नंतर कर्जात वळता होतो. तेव्हा सबसिडी हातात येईल आणि तिच्यातून शेड बांधू, असं गणित मांडू नका. शेड कर्जातून उभं राहणार आणि पहिला हप्ता शेडचं उत्पन्न सुरू होण्याआधीच दारात येऊ शकतो.

मग अनुदान नेमकं कशासाठी मागावं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून त्यावर जरा थांबते.

गरीब गिऱ्हाईक तुमच्या चुकांचा खर्च उचलू शकत नाही. नवी सेवा सुरू करताना पहिली दोन वर्षं आपण चुकतो: औषध जास्त घेतो, गाव चुकीचं निवडतो, दर चुकवतो. मोठ्या शहरात हा खर्च गुंतवणूकदार सोसतो. आटपाडीतली शेळीवाली बाई तो सोसू शकत नाही आणि तिनं तो सोसू नये. शिकण्याचा, चुकण्याचा, लोकांना पटवून देण्याचा हा जो खर्च आहे, त्यासाठी अनुदान मागा. चालू धंद्याचा रोजचा तोटा भरून काढायला मागू नका, कारण तो तोटा अनुदान संपलं की दुसऱ्या दिवशी तिथंच उभा असतो.

दुसरी गोष्ट, आधी आपल्या लोकांचा वाटा. हे आपल्या मातीत नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. त्या मुलांच्या जेवणासाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा होत असे. त्याला मुष्टिफंड म्हणत. दळायला बसण्याआधी बाजूला काढलेली ती मूठ म्हणजे त्या घराचा संस्थेतला वाटाच होता. खानापूर तालुक्यात १९८०च्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये श्रमदान करून ५० लाखांचं पहिलं बक्षीस मिळवलं.

म्हणून प्रस्तावात लोकवर्गणी लिहा, श्रमदानाचे दिवस लिहा, गटानं दिलेली खोली लिहा. रक्कम लहान असली तरी चालते. वीस बायकांनी प्रत्येकी पाचशे रुपये घातलेत, हे वाचून देणगीदार पुढचं पान उलटतो.

नोंदणी कोणती करावी? ट्रस्ट, सोसायटी, कंपनी?

पैसा कुठून येणार आहे त्यावर हे अवलंबून आहे. शेजारच्या गावात कुणी काय केलं ते पाहून ठरवू नका.

देणग्या आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा, हवा असेल तर सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी. महाराष्ट्रात सोसायटी १८६० च्या कायद्याखाली नोंदवताना किमान सात सभासद लागतात, आणि तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही होते. कलम ८ ची कंपनी केंद्राच्या कंपनी कायद्याखाली येते. तिचा खर्च आणि दरवर्षीची कागदपत्रं जास्त, पण कंपन्यांच्या लोकांना तिचा कारभार ओळखीचा वाटतो. या तिन्हींत नफा वाटता येत नाही. नफा होऊ शकतो, पण तो कामातच घालायचा.

शेतकऱ्यांचा माल एकत्र करून विकायचा असेल आणि नफा त्यांच्यात वाटायचा असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी. किमान दहा उत्पादक सभासद आणि पाच संचालक लागतात. तिला शेतीच्या योजना मिळतात. पण सीएसआर राबवणारी संस्था म्हणून तिची नोंद होऊ शकत नाही. हे कळायला काही जणांची दोन-दोन वर्षं गेली आहेत, म्हणून ठळकपणे सांगते.

साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर थेट सीएसआर विसरा. मात्र सरकारी निधी मिळणाऱ्या इनक्युबेटरना, म्हणजे नव्या उद्योगांना हाताशी धरणाऱ्या संस्थांना, कंपन्या सीएसआर देऊ शकतात आणि त्या इनक्युबेटरमार्फत तुमच्यापर्यंत मदत येऊ शकते. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतही इनक्युबेटरच निवड करतात. कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी.

काही ठिकाणी न्यास आणि कंपनी अशा दोन संस्था जोडीनं चालतात. न्यास प्रशिक्षण देतो, कंपनी माल विकते. रचना चांगली आहे, पण दोघांची बँक खाती, वह्या आणि शक्यतो माणसंही वेगळी ठेवा. न्यासाच्या पैशातून घेतलेलं यंत्र कंपनी वापरत असेल तर भाडेकरार हवा आणि भाडं न्यासाच्या खात्यात जमा झालेलं दिसलं पाहिजे.

कोणती कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत?

नोंदणी दाखला, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. सीएसआरसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक लागतो; १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. ८०जी मिळाल्यावर दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण १०बीडी भरायला विसरू नका, नाहीतर देणगीदाराला करसवलत घेताना अडचण येते. आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळतच नाही, तेव्हा गावातल्या दात्यालाही चेक किंवा यूपीआयची सवय लावा.

यात सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा. आमच्याच संस्थेत घडलेलं सांगते. एक ज्येष्ठ विश्वस्त वारले. त्यांच्या जागी आम्ही एका शिक्षिकाताईंना घेतलं, बैठक झाली, ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या. कायद्यानं हा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. तो बदल अर्ज आम्ही दाखल केलाच नाही. ठराव वहीत आहे म्हणजे झालं, असं समजून बसलो. दीड वर्षानं एका कंपनीनं प्रकल्प मंजूर केला. नव्या बँक खात्यासाठी उतारा काढला तर त्यावर वारलेल्या दादांचंच नाव. बँकेनं खातं उघडलं नाही. बदल अर्ज उशिरानं दाखल केला, उशिराचं कारण मांडावं लागलं, तारखा पडल्या. तोवर मार्च उलटला आणि तो पैसा दुसऱ्या जिल्ह्यात गेला. त्या प्रकल्पात अठरा वाड्यांवरच्या बायकांना पाण्याच्या टाक्या मिळणार होत्या. आजही मी कुठल्याही संस्थेत गेले की आधी उतारा मागते.

सीएसआर म्हणजे काय आणि आपल्या भागात तो कसा मिळवायचा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य किमान ५०० कोटी, किंवा उलाढाल किमान १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी आहे, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आपल्या कारखान्यांच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. सातारा, शिरवळ, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या औद्योगिक वसाहती म्हणूनच आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत.

लोक मुंबईतल्या मोठ्या नावांच्या मागे लागतात. माझा सल्ला उलटा आहे. पाच कोटी नफ्याच्या कंपनीचा वाटा दहा लाखांच्या आसपास येतो. ज्यांची सीएसआरची रक्कम ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमण्याचं बंधन नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. म्हणजे कुपवाडच्या कारखान्यात मालकांना भेटून, त्यांना गाडीत घालून गाव दाखवलं तर निर्णय महिन्याभरात होऊ शकतो. कारखान्यात काम करणारे कामगार तुमच्याच गावचे असतात, हेही विसरू नका. एका कंपनीचं दार आम्हाला तिथल्या वॉचमनदादांनी उघडून दिलं; त्यांची बहीण आमच्या गटात होती.

‘सीएसआरमध्ये पगार बसत नाही, पाच टक्केच चालतात’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. तुमच्या प्रकल्पात गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. तो अंदाजपत्रकात स्पष्ट लिहा, लपवू नका. कार्यकर्तीला कमी मानधन दाखवून प्रस्ताव स्वस्त केला की सहा महिन्यांत ती काम सोडते आणि तिच्याबरोबर गावातल्या ओळखीही जातात.

वेळेचं म्हणाल तर आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि बहुतेक नियोजन उन्हाळ्यात होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा खर्च करायची घाई असते. त्या घाईत अचानक फोन येतो: ‘पंधरा दिवसांत काही देता येईल का?’ अशा वेळी शिलाई मशिनं आणि सायकली वाटल्या जातात. तुमच्याकडे तयार प्रस्ताव असेल तर त्याच फोनवर खरं काम सुचवता येतं.

सरकारी योजनांपैकी आमच्या उपयोगाच्या कोणत्या?

गटांसाठी पहिली पायरी उमेद आणि माविम. उमेद, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, गटाला फिरता निधी आणि पुढे ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत, समुदाय गुंतवणूक निधी देतं. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून काम करतं आणि त्याची लोकसंचालित साधन केंद्रं हिशेब शिकण्याची चांगली जागा आहेत.

शेतकरी कंपन्यांसाठी केंद्राच्या दहा हजार एफपीओ, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्था, उभारण्याच्या योजनेत नोंद झालेल्यांना तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, आणि सभासदामागे दोन हजार या हिशेबानं कमाल १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात प्रक्रिया आणि साठवणुकीच्या प्रकल्पांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. उरलेला वाटा कंपनीनं स्वतः किंवा कर्जातून आणायचा. गोदाम, पॅकहाऊस, शीतगृह यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही आहे. प्रस्तावात नुसतं ‘मानांकन आहे’ लिहून थांबू नका. तुमचे किती सभासद त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदले आहेत ते लिहा.

पीएमएफएमईमध्ये गटाच्या प्रत्येक सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, एका गटाला कमाल ४ लाख. ही रक्कम लहान आहे पण फार मोलाची, कारण ती खेळतं भांडवल म्हणून वापरता येते.

खेळत्या भांडवलावर एवढा भर का?

कारण देणगीदाराला यंत्र आवडतं. यंत्रावर पाटी लावता येते, फोटो काढता येतो. माणच्या एका गावात आम्ही सोलर ड्रायर बसवला. पहिल्या उन्हाळ्यात कांदा कापून ट्रेवर पसरला, दोन दिवसांत तो खडखडीत वाळला. हातात घेतला की पापडासारखा मोडायचा. बायका खुश. पण हवाबंद पाकिटं आणायला पैसे नव्हते, कांदा उधारीवर घेतलेला होता आणि ज्या व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं तो साठ दिवसांनी पैसे देणार होता. पहिल्या पावसाच्या दमट हवेत गोणीतला कांदा पुन्हा मऊ पडला. तो माल मातीमोल गेला आणि गटातल्या दोघींनी घरून आणलेले पैसेही गेले. प्रस्तावात ड्रायरचे पैसे होते, पाकिटांचे नव्हते. तो प्रस्ताव मी लिहिला होता.

तेव्हापासून यंत्राच्या प्रत्येक ओळीखाली मी चार ओळी लिहिते: कच्चा माल, पाकिटं, वीज किंवा वाहतूक, आणि उधारीचे दिवस. देणगीदार खेळत्या भांडवलाला नाही म्हणाला तर गटाची बँक जोडणी आधी करून घ्या, यंत्र नंतर आणा.

प्रस्ताव लिहायचा कसा? नमुना मिळेल का?

नमुना देत नाही, कारण नमुन्यावरून लिहिलेले प्रस्ताव एकासारखे एक दिसतात. त्याऐवजी एक हिशेब करून दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा तुम्हाला आटपाडी तालुक्यात पशुसखींची, म्हणजे शेळ्यांना औषधपाणी करणाऱ्या गावातल्याच बायकांची, सेवा उभी करायची आहे. एका पशुसखीकडे तीन वाड्या, ४०० शेळ्या. वर्षातून दोनदा जंतनाशक पाजायचं, दोनदा गोचिडासाठी औषध लावायचं. एका वेळचे १० रुपये. वर्षाचे झाले १६,००० रुपये. औषधाला प्रत्येक वेळी ४ रुपये लागले तर ६,४०० गेले. उरले ९,६००, म्हणजे महिन्याला ८००. इथेच बहुतेक प्रस्ताव थांबतात आणि ‘महिलांना शाश्वत उपजीविका’ असं लिहून मोकळे होतात. आठशे रुपयांत कुठली उपजीविका? मोबाइलचा रिचार्ज आणि वडापचं भाडं यातच ते संपतात.

आता पुढे जा. तिनं महिन्याला ५०० किलो खुराक विकला आणि किलोमागे २ रुपये सुटले तर १,००० वाढले. वर्षाला ६० बोकड अंदाजानं न विकता काट्यावर तोलून विकायला मदत केली आणि प्रत्येकी १०० रुपये घेतले, तर ६,००० म्हणजे महिन्याला ५०० झाले. एकूण २,३००. महिन्यातले दहा दिवस काम असेल तर दिवसाला २३० पडले. हा आकडा तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘ताई, परवडेल का?’ ती हो म्हणाली तरच प्रस्ताव पुढे न्या. मग अनुदान कशासाठी मागायचं ते आपोआप दिसतं: प्रशिक्षण, वजनकाटा, पहिला औषधसाठा, पहिल्या वर्षी पूर्ण मानधन, दुसऱ्या वर्षी अर्धं, तिसऱ्या वर्षी शून्य. असं उतरतं मानधन दाखवलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला कळतं की या लोकांनी गिऱ्हाइकाशी बोलून लिहिलंय.

समस्या लिहिताना जिल्ह्याची आकडेवारी दोन ओळींत संपवा. गाव, वाडी, किती घरं, आज ती अडचण लोक कशी भागवतात आणि त्याला किती पैसे जातात, हे लिहा. काम सुरू करण्याआधीची मोजणी करून ठेवा. नंतर ‘फरक पडला’ म्हणायला तीच कामी येते. आणि कोणती गोष्ट तुम्हाला जमणार नाही, तेही एका परिच्छेदात लिहा. मी वाचलेल्या चांगल्या प्रस्तावांत हा परिच्छेद असतो.

आमच्या गटातल्या बायका फारशा शिकलेल्या नाहीत. इंग्रजी तर कुणालाच येत नाही. मग?

राज्य सरकारचे बरेचसे अर्ज मराठीत असतात. कंपन्यांना बहुधा इंग्रजी लागतं, ते भाषांतर कुणाकडूनही करून घेता येतं. आकडे आणि निर्णय मात्र बायकांचेच हवेत.

म्हसवडची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. माणदेशातल्या बायकांची स्वतःची बँक व्हावी म्हणून चेतना सिन्हा यांनी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा अनेक प्रवर्तक महिलांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते आणि परवाना नाकारला गेला. बायका अक्षरओळख शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सोडवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. देणगीदार गावात आला की तुम्ही मागे बसा आणि हिशेब गटाच्या अध्यक्षाताईंना सांगू द्या. त्या अडखळल्या तर अडखळू द्या.

परदेशातून पैसा घेता येतो का?

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका, अगदी परदेशी संस्थेनं आपणहून पाठवला तरी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे ‘पुण्याची मोठी संस्था आम्हाला त्यांच्या परदेशी पैशातून देणार आहे’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा.

सोशल स्टॉक एक्स्चेंज आमच्यासारख्यांसाठी आहे का?

सामाजिक संस्थांना लोकांकडून निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेला हा वेगळा विभाग. अजून नाही, असं माझं मत. नोंदणीला आधीच्या वर्षी किमान ५० लाख खर्च आणि १० लाख निधी दाखवावा लागतो, आणि तिथून उभारायची किमान रक्कमही ५० लाख आहे. तुमचं काम त्या आकाराचं झालं की जरूर पाहा.

अमुक टक्के कमिशन घेऊन अनुदान मंजूर करून देतो असं एकजण म्हणतो. द्यावं का?

नाही. पीएमएफएमईमध्ये अर्ज भरायला मदत करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत आणि त्यांचं मानधन योजनाच देते. उमेद, माविम, कृषी विभाग यांच्या अर्जांनाही फी नाही. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला कामाचे ठरलेले पैसे देणं योग्य, पण मंजूर रकमेतला टक्का देणं म्हणजे गरिबाच्या नावानं आलेल्या पैशाला पहिल्याच दिवशी कात्री. शिवाय तो टक्का हिशेबात कुठंच दाखवता येत नाही. मग खोटी बिलं आली, आणि खोटी बिलं आली की तुम्ही कायमचे अडकलात.

पैसा आल्यावर काय सांभाळायचं?

प्रकल्पाला वेगळं खातं किंवा निदान वेगळी खतावणी. प्रत्येक वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद आणि वस्तूवर रंगानं क्रमांक. तीन दरपत्रकं खरोखरची. शीर्ष बदलायचं असेल, म्हणजे प्रशिक्षणातले पैसे वाहतुकीला वापरायचे असतील, तर आधी लेखी विचारा. बहुतेक देणगीदार हो म्हणतात. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर द्या, पुढचा हप्ता त्यावरच अडतो.

एक गोष्ट कुठल्याच करारात नसते, पण मी आग्रहानं करायला लावते. दर सहा महिन्यांनी गावात, मारुतीच्या देवळात किंवा समाजमंदिरात, जमाखर्च मोठ्यानं वाचायचा. जत तालुक्यातल्या एका वाचनात ‘निवास व भोजन’ हा आकडा ऐकून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, जेवण तर आमच्या घरी झालं होतं की.’ बिल खरं होतं, दुसऱ्या प्रशिक्षणाचं होतं, पण ते समजावून सांगायला आम्हाला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासानंतर त्या गावात कुणी पैशाबद्दल कुजबुज केली नाही. ज्यांच्या नावावर पैसा आला त्यांना तो विचारण्याचा हक्क आहे, आणि तो देवळात बजावला गेलेला बरा.

प्रस्ताव नाकारला तर?

कारण विचारा. नम्रपणे, दोन ओळींच्या मेलमध्ये. बऱ्याचदा काम चांगलं असतं, पण त्या वर्षी त्यांचा विषय वेगळा असतो. त्याच प्रस्तावात देणगीदाराचं नाव बदलून दुसरीकडे पाठवू नका. जुनं नाव एखाद्या पानावर राहतंच.

जिल्ह्यात पहिल्यांदा कुणाला भेटायचं?

शेतीशी संबंधित असेल तर तालुका कृषी अधिकारी आणि आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं, कार्यालय. गट असेल तर पंचायत समितीतला उमेदचा कक्ष. पाणलोट, शेतकरी कंपनी किंवा ग्रामीण विपणनाचा विषय असेल तर नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक. त्यांच्याकडे लहान अनुदानांचीही माहिती असते. कारागीर आणि छोटे कारखाने यांच्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र. आपल्या आधी ज्यांनी हे केलंय त्यांनाही भेटा. म्हसवडला एक दिवस जाऊन बसलात तर आठवड्याच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकाल.

माझ्याकडे येणार असाल तर प्रस्ताव लिहिलेला नसला तरी चालेल. परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणा, मागच्या वर्षाची किर्द आणा, आणि गटातली किमान एक बाई बरोबर आणा.